चौथं मॉड्यूल आणि सिस्टर नोरीनची सही

पॉड्रिगचा कर्सर एका स्लाइडवर थांबला. त्याने दोन ओळी मोठ्याने वाचल्या, ‘हं’ म्हटलं आणि स्लाइड गेली. मग पुढच्या तीन वाचल्या. त्याही गेल्या. डिसेंबर महिना होता. डब्लिनमधल्या आमच्या मीटिंग रूममध्ये पायाशी हीटर चालू होता, आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर माझं दोन महिन्यांचं काम तीन-तीन, चार-चारच्या घासांनी संपत होतं.

“टोन जरा जड आहे,” पॉड्रिग म्हणाला. “बाकी ग्रँड.” ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ‘ठीक आहे’.

बाकी म्हणजे शीर्षक आणि उंटाचं एक चित्र. ते चित्र जागा भरायला मीच टाकलं होतं.

आधी माझं काम काय ते सांगते. मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. पुण्यातले नातेवाईक हे ऐकून ‘म्हणजे शिक्षिका’ असं म्हणून मोकळे होतात. मी शिकवत नाही. ज्याला विषय येतो त्याच्यासमोर बसते, त्याच्या डोक्यातलं काढून घेते आणि त्याचा ऑनलाइन कोर्स बनवते. विषय येणाऱ्या माणसाला आम्ही एक्स्पर्ट म्हणतो. स्लाइडवार लिहिलेला मजकूर म्हणजे स्टोरीबोर्ड. क्लायंटने आणि एक्स्पर्टने स्टोरीबोर्डवर सही केली की झाला साइन-ऑफ, आणि मगच कोर्स पुढे जातो. एक्स्पर्टची सही नाही तर त्याचं नाव कोर्सवर लागत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लायंट होता एक शिक्षण ट्रस्ट. शाळेत धर्म हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी त्यांना सहा मॉड्यूल हवी होती. चौथं होतं प्राचीन हिब्रू संदेष्ट्यांवर. या लोकांना देवाचा निरोप कसा मिळायचा आणि ते तो कसा पोचवायचे, हा विषय. पॉड्रिग ट्रस्टचा माणूस. माझा बॉस समीर, मूळचा ठाण्याचा, आमच्या बाजूने प्रोजेक्ट सांभाळत होता. आणि चौथ्या मॉड्यूलच्या एक्स्पर्ट होत्या सिस्टर नोरीन.

सिस्टर नोरीन डब्लिनजवळच्या मेनूथला आणखी दोन नन्सबरोबर एका छोट्या घरात राहतात. वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर हिब्रू शिकवलं. आता डोळ्यांनी दगा दिलाय. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, त्यामुळे वाचता अजिबात येत नाही. त्या बोलायच्या आणि मी लिहून घ्यायचे. माझं घर लिक्सलिपला, मेनूथ पुढचंच स्टेशन, त्यामुळे दर मंगळवारी मी लॅपटॉप घेऊन तिकडे. “नुसतं नोरीन म्हण,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पुण्यात वाढलेल्या जिभेला आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारवेना.

पहिल्याच दिवशी मी माझं अज्ञान टेबलावर मांडलं. “हे लोक भविष्य सांगायचे ना?”

“पोस्टमन भविष्य सांगतो का?” त्यांनी विचारलं.

मग त्यांनी समजावलं. त्या काळी एका राजाचा दूत दुसऱ्या राजापुढे उभा राहिला की सुरुवातच अशी करायचा, ‘माझा राजा असं म्हणतो’. त्यानंतर बोलण्यात जो ‘मी’ येई, तो दूताचा नसे, राजाचा असे. संदेष्ट्यांनी हीच रीत उचलली. ‘देव असं म्हणतो,’ आणि पुढचा ‘मी’ देवाचा. स्वतःची मतं त्यांना होती, भरपूर होती, पण ती निरोपात मिसळायची नाहीत हा त्यांचा धंद्याचा नियम.

“पण निरोप आपला की देवाचा, हे त्यांना कसं कळायचं?” मी विचारलं.

“नेहमी कळायचं नाही. म्हणून थांबायचे. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याकडे लोक आले, देवाला विचारून सांग म्हणाले. त्याच्याजवळ त्याचं मत तयार असणारच. तरी तो दहा दिवस गप्प बसला. पहिल्याच मिनिटाला उत्तर देणारा माणूस असला की मला शंका येते.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या समीरला हे मॉड्यूल कधी हवंय?”

“शुक्रवारी.”

“मग दहा दिवसांनी देऊ.”

मला ही बाई तिथेच आवडली. मी स्वतः देवदेव करणारी नाही. घरी गणपती बसतो तो मुख्यत्वे मोदकांसाठी. पण हे देवाच्या निरोप्यांचं प्रकरण मला माझ्या कामासारखं वाटायला लागलं. दुसऱ्याचं बोलणं घ्यायचं, आपलं त्यात घालायचं नाही, आणि ते ज्याला नको असेल त्याच्यासमोर जाऊन ठेवायचं. बरं, यातल्या बऱ्याच जणांना ही नोकरी नकोच होती. यिर्मया म्हणाला, मी लहान आहे, मला बोलता येत नाही. योना तर उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळाला. आमोस मेंढरं पाळणारा, अंजिरांच्या झाडांची निगा राखणारा. त्याला हाकलून द्यायला आलेल्या पुजाऱ्याला त्याने स्पष्ट सांगितलं की हा माझा पोटापाण्याचा धंदा नव्हे, मला कामावरून उचलून इकडे पाठवलंय.

तर हे सगळं पॉड्रिगने उडवलं. त्याच्या जागी त्याला हवी होती एक ॲक्टिव्हिटी: ‘तुम्हीही संदेष्टे व्हा. जगाला द्यायचा तुमचा पॉझिटिव्ह संदेश वीस शब्दांत लिहा.’ सोबत व्याख्या: संदेष्टा म्हणजे उज्ज्वल उद्याचं स्वप्न पाहणारा.

“संदेष्टे बहुतेक वेळा वाईट बातमी आणायचे,” मी म्हणाले.

“अगदी बरोबर,” पॉड्रिग म्हणाला. “आणि शिक्षकांना सोमवारी सकाळी वाईट बातमी नको असते.” माणूस वाईट नव्हता. त्याला तक्रारींची धास्ती होती. राजाला सुनावणारे संदेष्टे पाहून कुणी पालक आजच्या राजकारणाशी जोडतील, मग फोन येतील, ही त्याची भीती.

मीटिंग संपल्यावर समीरने मला कॉफी मशीनपाशी गाठलं.

“मृणाल, तोंड असं का केलंयस? ॲप्रूव्ह झालं ना मॉड्यूल.”

“कुठलं मॉड्यूल? उंट उरलाय फक्त.”

“अगं, क्लायंट खुश आहे. बाकी पाचही मॉड्यूलच्या लोकांनी त्याचे बदल गपचूप घेतले. तूच एकटी काय अडून बसतेस यार?”

मला हसू आलं, कारण नेमकी याच प्रसंगाची स्लाइड तासाभरापूर्वी डिलीट झाली होती. एका राजाला लढाईला जायचं होतं. चारशे दरबारी संदेष्ट्यांनी एका सुरात सांगितलं, जा, जिंकशील. मीखाया नावाचा एक राहिला होता. त्याला आणायला गेलेल्या शिपायाने वाटेत प्रेमाने सुचवलं, सगळे एकच बोलतायत, तूही तेच बोल ना. मीखाया म्हणाला, देव सांगेल तेच बोलीन. समीरला ही गोष्ट सांगावीशी वाटली. सांगितली नाही.

“बरं, मंगळवारी सिस्टरकडे जातेयस ना?” समीरने फॉर्म पुढे केला. “साइन-ऑफ घेऊन ये. चार बदल झालेत एवढंच सांग. त्यांना कुठे वाचता येतंय?”

मी त्याच्याकडे बघत राहिले.

“असं नको बघूस. त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच म्हणतोय. त्यांचं नाव लागेल कोर्सवर, त्या खुश होतील. आणि जानेवारीत टीम लीडसाठी मी तुझंच नाव दिलंय, माहितेय ना? युवर मॅन पॉड्रिगचा फीडबॅक त्यात बघणार आहेत.” युवर मॅन म्हणजे इकडच्या बोलीत ‘तो आपला अमका’. समीर इथे अकरा वर्षं आहे.

टीम लीडची जागा मला हवी होती. तीन वर्षं हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण मंगळवारी मी जे केलं ते त्यामुळेच केलं.

मंगळवारी नेहमीसारखं सिस्टर नोरीननी चाचपत प्रेस उघडला. इथे भांड्याच्या कपाटाला प्रेस म्हणतात. कप काढले, मला चहा दिला आणि विचारलं, “मग? काय म्हणाले?”

“सगळ्यांना आवडलं,” मी म्हणाले. “थोडे बदल सुचवलेत. तुमची सही हवी आहे.”

“थोडे म्हणजे?”

“टोनचे.”

“ग्रँड सो,” त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. “पेन दे. आणि रेघ कुठे आहे ते दिसणार नाही मला. बोट धरून लावून दे.”

मी त्यांच्या हातात पेन दिलं. त्यांचं बोट धरलं. हलकं, थंड बोट होतं, आणि ते पूर्ण विश्वासाने माझ्या हातात सैल सोडलेलं होतं. मी ते फॉर्मवरच्या रेघेपर्यंत नेलं. फॉर्मवर वाक्य छापलेलं होतं: ‘वरील मजकूर मी तपासला असून तो माझ्या ज्ञानाप्रमाणे अचूक आहे.’ वरील मजकूर म्हणजे उज्ज्वल उद्याचं स्वप्न.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. थोरामोठ्यांना दुखवू नये म्हणून मऊ बोलायचं, हे मी लहानपणापासून शिकले. आणि त्या मऊ बोलण्याने मी एका जवळजवळ आंधळ्या बाईचा हात खोट्यावर टेकवत होते.

मी त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला. “सिस्टर, थांबा. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही.”

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या. “तू चहाला अजून तोंड लावलेलं नाहीस.”

“सगळं वाचून दाखवते.”

“एकही शब्द गाळायचा नाही,” त्या म्हणाल्या. मंदिराच्या अंगणात बोलायला पाठवताना यिर्मयाला मिळालेली ताकीद हीच होती. तीही आमची एक स्लाइड होती, सातवी. तीही गेली होती.

मी वाचलं. काय काढलं, त्या जागी काय आलं, पॉड्रिग काय म्हणाला, समीर काय म्हणाला. ‘त्यांना कुठे वाचता येतंय’ हेसुद्धा सांगितलं. ते सांगताना माझा आवाज बारीक झाला, पण सांगितलं. वीस शब्दांतल्या पॉझिटिव्ह संदेशाशी आल्यावर सिस्टर नोरीन हसू लागल्या. मग हसू थांबलं.

“तू हे मगाशी का नाही सांगितलंस?”

“भीती वाटली. आणि मला प्रमोशन हवंय.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “ही दोन्ही कारणं जुनीच आहेत.” त्यांनी क्षमा केली असं काही म्हटलं नाही, मीही मागितली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “हीटर होता का खोलीत?”

मला प्रश्न कळला नाही. मी हो म्हणाले.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ही आमच्या मॉड्यूलमध्ये नव्हती. वेळ पुरणार नाही म्हणून त्यांनीच वगळली होती. यिर्मयाला मंदिरात जायची बंदी होती. म्हणून त्याने आपल्या लेखनिकाला, बारूखला, बोलावलं. हा तोंडाने सांगत गेला, तो शाईने गुंडाळीवर लिहीत गेला. मग बारूखनेच ती गुंडाळी मंदिरात जाऊन लोकांना वाचून दाखवली. गोष्ट राजापर्यंत पोचली. हिवाळ्याचे दिवस, राजा शेगडीपाशी बसलेला. एक दरबारी गुंडाळी वाचत होता. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या सुरीने तेवढा तुकडा कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत पूर्ण गुंडाळी जाळली.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. यिर्मयाने नवी गुंडाळी घेतली, बारूखला बसवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. वर आणखी भर घातली. लॅपटॉपला चार्जिंग आहे ना?”

आम्ही तीन मंगळवार बसलो. जुनं सगळं माझ्याजवळ होतंच, पण त्यांनी ते नव्याने सांगितलं आणि पहिल्यापेक्षा धारदार सांगितलं. भर घातली ती तीन गोष्टींची. एक, राजाची शेगडी. दोन, शहराचा नाश होईल हा योनाने दिलेला निरोप खरा ठरला नाही, कारण ऐकणाऱ्यांनी वागणं बदललं, आणि खरं तर निरोपाचा हेतू तोच होता, तरी योना रुसून बसला. तीन, पहारेकऱ्याचं उदाहरण. यहेज्केल या संदेष्ट्याला सांगितलं गेलं होतं की तू गावाचा पहारेकरी आहेस. शत्रू दिसला आणि तू शिंग फुंकलं नाहीस, तर झालेल्या हानीचा दोष तुझा. फुंकलंस आणि लोक उठले नाहीत, तर तू मोकळा.

“म्हणजे लोकांनी ऐकलंच पाहिजे अशी अट नाही?” मी टाइप करता करता विचारलं.

“संदेष्ट्यांचं यश तसं मोजलं असतं तर सगळे नापास झाले असते,” त्या म्हणाल्या. “शेगडीवालं पुन्हा वाच.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मीटिंग झाली. मी नवा स्टोरीबोर्ड आधी पाठवला नव्हता. पाठवला असता तर समीरने थांबवला असता. मी उभी राहिले. एरवी आम्ही ‘एक्स्पर्टच्या मते’ अशी सुरुवात करतो. त्या दिवशी मी म्हणाले, “सिस्टर नोरीन असं म्हणतात.” आणि पुढे त्यांच्याच शब्दांत वाचत गेले, त्यांचा ‘मी’ तसाच ठेवून.

‘मी आयुष्यभर हा विषय शिकवला. संदेष्ट्यांनी आपले संदेश स्वतः तयार केले असं मी कधी शिकवलं नाही आणि आता डोळे गेले म्हणून शिकवणार नाही. माझं नाव हवं असेल तर यातला एकही शब्द कमी होणार नाही. शब्द कमी करायचे असतील तर माझं नाव काढा.’

पॉड्रिग लाल झाला. “त्यांना हे सगळं कुणी सांगितलं?”

“झालेलं सगळं मी सांगितलं,” मी म्हणाले.

समीर मराठीत पुटपुटला, “मृणाल, बस खाली. प्लीज.”

“अजून सव्वीस स्लाइड आहेत,” मी मराठीतच उत्तर दिलं आणि पुढे वाचलं. शेगडीच्या स्लाइडला पॉड्रिगने माउसवरचा हात काढून घेतला. एवढं मात्र मला स्वच्छ आठवतं.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “आणि आम्ही हे घेतलं नाही तर?”

“तर नका घेऊ. माझं काम पोचवायचं होतं.”

त्यांनी घेतलं नाही. मग झालं ते असं. कोर्स ठरलेल्या दिवशी सुरू झाला. मॉड्यूलचे क्रमांक आधीच सिस्टिममध्ये पक्के झालेले होते, ते बदलता येईनात. एक्स्पर्टशिवाय चौथं लावायला ट्रस्टच्या समितीने नकार दिला. त्यामुळे शिक्षकांना एक, दोन, तीन, पाच आणि सहा अशी मॉड्यूल मिळाली. शिक्षक ही जमात कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. चौथं कुठे गेलं, अशा ईमेल ट्रस्टला यायला लागल्या. ज्या तक्रारींना पॉड्रिग भीत होता, त्याच.

मार्चमध्ये त्याने मला थेट फोन केला. “ते तुमचं मॉड्यूल पाठवा.”

“कुठलं? आधीचं की पुन्हा लिहिलेलं?”

“मोठं,” तो म्हणाला.

कोर्समध्ये ते आजही नाही. साइटच्या तळाशी ‘पूरक वाचन’ असा एक कोपरा आहे, तिथे पीडीएफ आहे. सिस्टर नोरीनच्या नावासकट, एकही शब्द न गाळता. उंट मी काढून टाकला.

मंगळवार नसताना मुद्दाम मेनूथला जाऊन मी त्यांना ही बातमी दिली. कोपरा किती लहान आहे तेही सांगितलं. आता त्यांना काही मऊ करून सांगायची मला हिंमत नव्हती.

“कोण वाचणार तिथे जाऊन?” मी म्हणाले. मला राग होता आणि तो आवाजात होता.

“ते मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “पोचलं का?”

“पोचलं.”

“मग कप काढ.”

टीम लीड दुसरीच कुणी झाली. माझ्या वार्षिक आढाव्यात समीरने लिहिलं, ‘क्लायंटशी बोलताना लवचीकता हवी.’ लिहिताना त्याला बरं वाटलं नसावं, कारण त्या दिवशी त्याने मला जेवायला नेलं. आता मला हॉटेलांच्या स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेचे कोर्स देतात. तिथे संदेष्टे नाहीत, राजे नाहीत. एक गोष्ट मात्र मी बदलली आहे. साइन-ऑफचा फॉर्म पुढे करण्याआधी, क्लायंटने जे जे काढलं ते मी एक्स्पर्टला मोठ्याने वाचून दाखवते. डोळे धड असले तरी. लोक कंटाळतात, घड्याळ बघतात. मी वाचते.

परवा एका क्लायंटने शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दलची ओळ काढायला सांगितली. ‘शेंगदाण्याने जीव जाऊ शकतो’ हे वाक्य त्यांना निगेटिव्ह वाटत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. समीरने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच डोळे मिटून घेतले.

मी उभी राहिले.